चिलीच्या जागी मी असतो तर

आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं माझ्याकडून कुणी चांगुलपणाची आशा धरायला नको. त्या पोरीला बोलिव्हिया मीच केलं, आणि जाणूनबुजून केलं. चिठ्ठ्या टाकल्या नव्हत्या. घरी जेवताना मी दादाला, म्हणजे माझ्या थोरल्या भावाला, म्हणालो, "मागच्या शेतवाल्याच्या पोरीला बोलिव्हिया देतो. तिला शिकवायची गरजच न्हाई." दादाला बोलिव्हिया म्हणजे काय ते मी आधी समजावून सांगितलं आणि मग आम्ही दोघं भाऊ घास हातात धरून ठसका लागेपर्यंत हसलो. बायको नंतर आत विचारायला लागली, एवढं काय झालं हसायला. मी म्हणालो, तुला नाही कळायचं, आंतरराष्ट्रीय राजकारण आहे.

मी अकरावी-बारावीला राज्यशास्त्र शिकवतो. कॉलेज आमच्याच गावात, सेनगाव तालुक्यात, पुसेगावापासून जवळ. पत्र्याचं शेड, सहा खोल्या, आणि पुढं एक मैदान ज्यात सुगीच्या दिवसांत लोक सोयाबीन वाळत घालतात. दिवाळीच्या आधी पालक मेळावा असतो. दरवर्षी तेच नाच, तेच दारूबंदीचं नाटक. त्या वर्षी मी प्राचार्यांना म्हणालो, यंदा काहीतरी डोक्याचं करू. अमेरिका खंडातल्या देशांची व्यापार परिषद भरवू. पोरं एकेक देश होतील, आपापली बाजू मांडतील. तेव्हा पेपरात रोज तेच येत होतं. अमेरिका उठून कॅनडावर कर लावतेय, मेक्सिकोवर लावतेय, ब्राझीलवर लावतेय, मुक्त व्यापाराचा करार करून बसलेले देश एकमेकांवर दात ओठ खाताहेत. प्राचार्य म्हणाले, करा, पण तालुक्याच्या साहेबांना बोलावलंय, त्यांना कळेल असं करा.

अमेरिका व्हायला सगळी पोरं हात वर करून उभी. कोट घालायला मिळणार ना! ब्राझीलला पण मागणी होती, कारण ब्राझील आमच्याकडं शेंबड्या लेकराला माहीत आहे. तिकडं सोयाबीन चांगलं पिकलं की हिंगोलीच्या मार्केटात भाव पडतो, असं आमचे लोक म्हणतात, आणि शिव्या देताना ब्राझील म्हणजे शेजारचंच गाव असल्यासारखे देतात. बोलिव्हिया मात्र कुणालाच नको होता. नावच ऐकलेलं नाही म्हणाले. त्या दिवशी ती पोरगी वर्गात नव्हती, घरची सोंगणी चालू होती. मी वहीत तिच्या नावापुढं बोलिव्हिया लिहिलं.

आता बोलिव्हिया काय आहे ते सांगतो. दक्षिण अमेरिकेच्या मधोमध बसलेला देश. पूर्वी त्याला समुद्र होता. शेजारच्या चिलीशी लढाई झाली, हरला, किनारा गेला. नंतर तह झाला. तहात चिलीनं लिहून दिलं की तुमचा माल आमच्या बंदरातून जाऊ द्यायला आमची हरकत नाही. पण समुद्र आमचा. तेव्हापासून शंभराहून जास्त वर्षं झाली, बोलिव्हिया समुद्र मागतोय आणि चिली तहाचा कागद दाखवतोय. कित्येक वर्षं दोघांचे राजदूतसुद्धा एकमेकांकडं नाहीत. बोलिव्हिया जगाच्या मोठ्या कोर्टात गेला. कोर्टानं सांगितलं, चिलीला बोलणी करायची सक्ती करता येत नाही.

आणि आता आमचं शेत. रस्त्याला लागून आमचं, त्याच्या मागं तीन एकर त्या पोरीच्या बापाचं. बौद्ध वस्तीतलं घर. त्याच्या बापानं, म्हणजे पोरीच्या आजानं, ते तीन एकर आमच्याच चुलत आजोबाकडून विकत घेतलं होतं. नीट कागद केला, सातबारा नावावर झाला. पण कागदात वाट लिहिली नाही. तेव्हा कुणीच लिहीत नव्हतं. तेव्हाचा रिवाज असा की पीक उभं असेल तोवर माणसानं धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, पायी जायचं, आणि पीक निघालं की सगळं रान मोकळं, ज्याला जिकडून बैलगाडी न्यायची त्यानं तिकडून न्यावी. ज्वारी होती, कापूस होता, मधे महिना-दोन महिने जमीन रिकामी पडायची. वाट लिहून घ्यायची म्हणजे समोरच्यावर अविश्वास दाखवणं, असं त्या म्हाताऱ्याला वाटलं असणार.

मग आम्ही हळद लावली. हळद नऊ महिने उभी असते. तिचे उंच बेड असतात, त्यावर ठिबकच्या नळ्या अंथरलेल्या असतात, त्यावर गाडी घालता येत नाही. हळद निघून वसमतच्या बाजारात जाते न जाते तोच आम्ही तिथं दुसरं काही टाकायचो. मुद्दाम टाकायचो, काहून खोटं बोलू? रान कधी मोकळं राहिलंच नाही. त्या माणसाला पायी जायला कुणी अडवलं नाही हो, धुरा होताच की. फक्त त्याचं खत डोक्यावर जायचं आणि पीक डोक्यावर यायचं. त्यानं तहसीलला अर्ज दिला. दादानं उत्तर दिलं, ते मीच लिहून दिलं होतं: "सदर जमिनीच्या खरेदीखतात रस्त्याचा उल्लेख नाही. आजवर जाऊ दिले तो आमचा उपकार होता, त्याचा हक्क होत नाही." छान लिहिलंस मास्तर, असं दादा म्हणाला. तो मला मास्तरच म्हणतो. तारखा पडत राहिल्या.

तर असा सगळा विनोद होता आणि मी तो वहीत एका शब्दात लिहून ठेवला होता.

ती दोन दिवसांनी वर्गात आली. हाताला सोयाबीनच्या शेंगांचे ओरखडे होते. तास संपल्यावर टेबलापाशी येऊन उभी राहिली. मला वाटलं, आता ही म्हणेल दुसरा देश द्या. तसं काही म्हणाली नाही. मी दिलेली चार पानं वाचून आली होती. म्हणाली, "सर, तहात मालाला वाट दिली असं लिहेल हाय. मंग भांडण कायचं राहिलं?"

"लिहिणं वेगळं, ट्रक सोडणं वेगळं," मी म्हणालो. "बंदरात संप झाला, तपासणी लांबली, कुणाची मर्जी फिरली, की ट्रक उभे."

"म्हंजे देणाऱ्याच्या मनावर."

"बराबर."

तिनं ते लिहून घेतलं. मग विचारलं, "चिलीला तकलीफ काय हाय देयाची?" मी म्हणालो, तकलीफ काही नाही, पण एकदा हक्क म्हणून दिलं की शेजारी माजतो. हे बोलताना मी तिच्याकडं बघत होतो आणि मला मजा येत होती. तिनं तेही लिहून घेतलं. खालीच मान घालून म्हणाली, "ठीक हाय सर, मी करते बोलिव्हिया."

चिली मी कनेरगाव नाक्याच्या एका हुशार पोराला दिला. त्याचं भाषण मी स्वतः लिहिलं. कष्ट घ्यायची गरज नव्हती, तहसीलला दिलेलं उत्तर समोर होतं. "खरेदीखत" खोडून "तह" केलं आणि बाकी तसंच ठेवलं. खऱ्या तहात वाट लिहिलेली होती, पण तपासतंय कोण?

मेळाव्याला मैदान भरलं. सुगी असूनही लोक आले, कारण त्या दिवशी आभाळ भरून आलं होतं आणि पाऊस येईल म्हणून लोकांनी सोंगणी थांबवली होती. बाया एका बाजूला, गडी दुसऱ्या बाजूला, पुढं खुर्च्यांवर तालुक्याचे साहेब, प्राचार्य, दादा. दादा गावातला वजनदार माणूस, त्याला खुर्ची असतेच. पोरीचा बाप मागं खांबाला टेकून उभा होता. धुतलेला पांढरा शर्ट घातला होता.

परिषद मस्त रंगली. अमेरिका झालेला पोरगा काकाच्या लग्नातला कोट घालून आला होता. कुणीही बोलायला उठलं की तो टेबलावर हात आपटायचा, "तुझ्यावर कर! आणखी बोलशील तर आणखी कर!" लोक पोट धरून हसत होते. कॅनडा म्हणाला, आपला तर करार झाला होता. अमेरिका म्हणाला, करार माझा, पेन माझं, खोडरबर पण माझं. ब्राझील उठला तेव्हा मागून एक म्हातारा ओरडला, "अय ब्राझील, आमचा भाव काहून पाडून राहिला रे?" साहेबांनी मान वळवून टाळी वाजवली. प्राचार्य माझ्याकडं बघून हसले. मी मिशीवरून हात फिरवला.

मग ती उठली. साधा कॉलेजचा ड्रेस, हातात कागद नाही. नमस्कार केला आणि सरळ आमच्या बोलीत सुरू झाली.

"मी बोलिव्हिया. माझ्या देशात चांदी हाय, कथील हाय, गॅस हाय. सोयाबीन बी हाय. तुमच्यावाणीच पेरतो आमी, तुमच्यावाणीच काढतो. पण काढून ठेवायचं कुठं? बाहेर न्यायचं तर शेजाऱ्याच्या दारातून न्यावं लागतं. माझ्या देशाला समुद्र न्हाई, पण आरमार हाय. खरंच हाय. ते आमी तळ्यात चालवतो."

लोक हसले. ती हसणं संपायची वाट बघत उभी राहिली.

"हसा. आमाले बी हसू येते. पण वर्साला एक दिवस आमी समुद्राचा पाळतो. ज्या लेकरांनी समुद्र बघितलाच न्हाई, ते झेंडे घेऊन चालतात. आधी आमी समुद्र मागत होतो. तो मोठ्या कोर्टानं न्हाई म्हणून सांगतला. आता मी तेवढं बी मागत न्हाई. एक ट्रक जाईल एवढी जागा मागते. मर्जी म्हणून न्हाई, हक्क म्हणून. पीक भिजायच्या आत."

सगळ्या गावाला माहीत होतं कोणाचं पीक कुठं पडलंय. तिच्या बापाचं सोयाबीन सोंगून गंजी मारून ठेवलं होतं, आठ दिवसांपासून, आणि मळणीचं यंत्र, आमच्याकडं हडंबा म्हणतात त्याला, ते ट्रॅक्टरमागं जोडून आणायचं असतं. ते धुऱ्यावरून जात नाही. वर आभाळ हे असं. लोकांच्या माना हळूहळू दादाकडं वळल्या. दादा मोबाईलमध्ये बघत बसला.

कनेरगावचा पोरगा चिली म्हणून उठला आणि धडाधडा म्हणून गेला, "तहात उल्लेख नाही. आजवर जाऊ दिले तो आमचा उपकार होता, त्याचा हक्क होत नाही." त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक? मी खांबाकडं बघितलं. बाप टेकलेला होता तो सरळ उभा राहिला. वाक्य त्याच्या ओळखीचं होतं, तहसीलमध्ये त्यानं ते कुणाकडून तरी दोनदा वाचून घेतलं होतं.

साहेब म्हणाले, पहिला नंबर या मुलीला द्या, वाद नाही. टाळ्या. मला समारोप करायचा होता. आणि माइक हातात आला की मी माणूस राहत नाही, हे माझी बायको वीस वर्षांपासून सांगते आहे.

मी सुरुवात चांगली केली. मुक्त व्यापार म्हणजे काय, बळी तो कान पिळी असं जग चालत नाही, वगैरे. टाळ्या आल्या. आणखी पाहिजे होत्या. मी म्हणालो, "कागद काय दाखवता? कोर्ट काय दाखवता? शेजारी आहे ना तो? शेजाऱ्याला कोंडून आजवर कोण मोठं झालं? मी चिलीच्या जागी असतो तर उद्या सकाळी वाट मोकळी केली असती! उद्या सकाळी!"

बायांनी टाळ्या वाजवल्या, गड्यांनी वाजवल्या, साहेबांनी उभं राहून वाजवल्या. मागं खांबापाशी तिच्या बापानं दोन्ही हात जोडून डोक्यापर्यंत नेले. आता इथं मी सांगू शकतो की मला वाटलं, लेकीचं कौतुक झालं म्हणून त्यानं हात जोडले. तसं मला वाटलं नव्हतं. तो काय समजलाय ते मला त्याच घडीला लख्ख कळलं. पण टाळ्या चालू होत्या हो. अशा टाळ्या मला पुन्हा कधी मिळणार होत्या?

तो काय समजला, ते आमच्याकडच्या माणसाला फोडून सांगावं लागत नाही, पण लांबच्या वाचकाला सांगतो. आमच्या गावात माघार घेणारा कधी सरळ माघार घेत नाही. दोन घरांत वर्षभर बोलणं बंद असतं, मग एक दिवस लग्नाच्या पंगतीत एकजण तिसऱ्याच माणसाचं नाव घेऊन म्हणतो, "मी त्याच्या जागी असतो तर भांडण मिटवलं असतं." चारचौघांनी ते ऐकायचं. दुसऱ्या दिवशी समोरचा काही न बोलता दारात येतो, चहा होतो, विषय संपतो. कुणाची मान खाली जात नाही. चार माणसांत असं बोललेलं कुणी फिरवत नाही. माझ्या वडिलांनी एक विहिरीचं भांडण असंच मिटवलं होतं, बैलाच्या व्यवहाराची गोष्ट सांगता सांगता. त्या माणसानं मला माझ्या बापाच्या मापानं मोजलं, एवढीच त्याची चूक.

घरी दादानं विचारलं, "लई बोललास मास्तर आज. कोणाला बोललास?" मी म्हणालो, भाषण असतं ते. दादा म्हणाला, "मंग ठीक हाय," आणि झोपायला गेला.

सकाळी आम्ही दोघं शेताच्या तोंडाशी पोचलो तर रस्त्यावर ट्रॅक्टर उभा, मागं हडंबा. सुगीत हडंबा मिळणं म्हणजे काय, ते शेतकऱ्याला विचारा. लोक नंबर लावून बसलेले असतात. तो माणूस पहाटेच जाऊन कुणाचे तरी हातपाय जोडून घेऊन आला होता. अंगावर कालचाच पांढरा शर्ट. शेजारी पोरगी, तिची आई, दोन बाया, हातात विळे आणि ताडपत्र्या. आणि त्याच्या हातात पेढ्यांचा पुडा.

"सर," तो पुढं आला, "आधी तोंड गोड करा." पुडा सोडून त्यानं माझ्यापुढं धरला. मी एक पेढा घेतला आणि खाल्ला. दादानंही घेतला.

"नळ्या मी सोता गुंडाळतो दादा," तो भावाला म्हणाला. "कडेचे दोन बेड जातीन फकस्त. संध्याकाळी नळ्या होत्या तशा आंथरून देतो. हळद मोडंल तेवढं सोयाबीन तुमच्या आंगणात आणून टाकतो. सरांनी काल लई मोठं मन केलं. माह्या लेकीसमोर केलं." त्यानं पुडा पुन्हा पुढं केला. "तुमाले जमंल तेव्हा तहसीलातला अर्ज बी मी वापस घेतो."

दादा पेढा चावत माझ्याकडं बघत होता. "मास्तर, शब्द देल्ता का तू?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. आभाळ काळं झालं होतं, वारा सुटला होता. हो म्हटलं असतं तर दादा दोन दिवस बोलला नसता, जास्तीत जास्त आठ दिवस. तो काही मला घराबाहेर काढणार नव्हता. हळद आमची दोन बेड कमी झाल्यानं कुणी उपाशी मरणार नव्हतं. हे सगळं मला तेव्हाही कळत होतं. तोंडात पेढ्याची चव होती आणि मी म्हणालो, "अहो, ते बोलिव्हियाचं होतं."

दादा इतक्या मोठ्यानं हसला की बांधावरची टिटवी उडाली. ट्रॅक्टरवाल्याला काही कळेना. त्यानं वरूनच विचारलं, "बोलिव्हिया कोणाचं शेत हाय? तिकडून वाट हाय का?" त्यावर दादा आणखी हसला. आणि खोटं कशाला बोलू, मीही हसलो.

तो माणूस पुडा उघडा धरून तसाच उभा होता. "पण सर, चार माणसांत तुमी..." पोरगी पुढं आली. तिनं बापाच्या हातातून पुडा घेतला, दोरा नीट बांधला. माझ्याकडं बघितलं नाही. "बाबा, चला," ती म्हणाली. "सरांनी भाषण केलतं."

हडंबा दुसऱ्याच्या रानात निघून गेला. उभा कोण ठेवणार? दुपारी पाऊस आला आणि चार दिवस राहिला. पहिल्या दिवशी त्या घरानं गंजीवर ताडपत्र्या टाकून त्यावर दगड ठेवले. दुसऱ्या दिवशी पाणी खालून शिरलं, तेव्हा त्यांनी भारे बांधून डोक्यावरून काढायला सुरुवात केली. धुऱ्यावर गुडघ्याएवढा चिखल. बाप पुढं, पोरगी मागं, तिच्या मागं आई. आमच्या शेतातल्या आखाड्यावर, म्हणजे रानातल्या मुक्कामाच्या खोपीत, पत्र्याखाली, मी आणि दादा चहा पीत बसलो होतो. तिघं आमच्या समोरून जायचे आणि यायचे. पोरगी एकदा घसरून पडली, भारा सुटला, शेंगा चिखलात गेल्या. तिनं बसून सगळं पुन्हा गोळा केलं. दादा म्हणाला, "पोरगी कामाची हाय." मला लाज वाटली का? वाटली. मग उठून जावंसं वाटलं का? नाही. लाज वाटून घेणं आणि उठणं यात किती अंतर असतं, ते मी आखाड्यावर बसून शिकलो आणि चहा संपवला.

आत राहिलेल्या सोयाबीनला गंजीतच कोंब फुटले. पंधरा दिवस त्या बाजूनं सडल्याचा वास यायचा. जे बाहेर आलं होतं ते काळं पडलं होतं, मार्केटात व्यापाऱ्यानं मूठभर उचलून वास घेतला आणि परत पोत्यात टाकलं. हे मला दुसऱ्यांनी सांगितलं.

दिवाळीनंतर ती वर्गात आली. पुढच्या बाकावर बसायची, तिथंच बसली. मी शिकवायचो ते लिहून घ्यायची. प्रश्न विचारणं तेवढं तिनं बंद केलं. बारावीला राज्यशास्त्रात कॉलेजात पहिली आली, प्राचार्य म्हणाले तुमची विद्यार्थिनी आहे सर, आणि मी हारतुरे घेतले.

त्यानंतरच्या पावसाळ्यात त्यांनी शेत पेरलंच नाही. तीन एकर तणानं भरलं. मधे एक-दोन लांबचे गिऱ्हाईक जमीन बघून गेले. रस्ता कुठून, असं विचारलं आणि गेले. ज्या शेताला वाट नाही ते एकाच माणसाला घेता येतं, वाट ज्याच्याकडं आहे त्याला. हे दादाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मलाही होतं. आम्ही ते एकमेकांशी कधी बोललो नाही, गरज पडली नाही. एक दिवस तो माणूस आमच्या घरी आला, ओसरीच्या कडेला बसला आणि म्हणाला, "तुमीच घेऊन टाका दादा. दुसरं कोण घेतंय." दादानं त्याला चहा दिला.

खरेदीच्या दिवशी सेनगावच्या ऑफिसात पोरगी साक्षीदार म्हणून आली होती. तेव्हा ती हिंगोलीला पुढचं शिकत होती. सही करायच्या आधी तिनं कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. चतुःसीमा वाचताना बोट फिरवलं: पूर्वेला आम्ही, पश्चिमेला आम्ही, उत्तरेला आम्ही, दक्षिणेला नाला. रजिस्ट्रीच्या साहेबांनी तिच्या बापाला रीतीप्रमाणं विचारलं, राजीखुशीनं विकता ना, कुणाचा दाबदबाव नाही ना? तो म्हणाला, "राजीखुशीनं." त्याचा अंगठा कागदावर उमटला. मग तिनं सही केली, पेन टोपण लावून परत केलं आणि दोन वर्षांत पहिल्यांदा माझ्याशी बोलली. आवाज वर्गात असायचा तसाच, अदबीचा.

"सर, असं केलं की परिषद घ्याची गरजच पडत न्हाई."

मी म्हणालो, अभ्यास चांगला कर. ती हो म्हणाली.

दादाला मागच्या रानात बोअर घ्यायचा होता. बोअरची गाडी आत जायला पाहिजे, म्हणून त्यानं खरेदीच्या आठव्या दिवशी जेसीबी बोलावला. हळद उभीच होती. सकाळी नऊला काम लागलं. कडेचे दोन बेड गेले, नळ्या मजुरांनी गुंडाळून ठेवल्या, वर चार ट्रॉल्या मुरूम पडला. बाराच्या आत वाट तयार झाली. ट्रक काय, लग्नाचा मांडव जाईल एवढी रुंद. मी डबा घेऊन गेलो होतो, तो उघडायच्या आधीच जेसीबी निघून गेला. मला तिथं उभं राहवेना. तीन तास! कुणाच्या तरी सगळ्या आयुष्याचं काम, आणि आमच्या तीन तासांचं. मी स्वतःला एक सणसणीत शिवी दिली, मोठ्यानं दिली, आणि ऐकायला कुणी नव्हतं म्हणूनच दिली.

शिमग्याच्या आसपास हळद काढायला मजूर लागले. दादानं गावात सांगावा पाठवला होता. सकाळी ट्रॅक्टरची ट्रॉली भरून माणसं आली आणि नव्या वाटेनं सरळ मागच्या रानापर्यंत गेली, त्या टोकाकडून हळद काढत यायची होती. मी आखाड्यावर होतो. ट्रॉलीतून उतरणाऱ्यांत तो होता, कुदळ खांद्यावर, जेवणाचं फडकं हातात. ज्या मातीत उतरला ती कालपर्यंत त्याची होती. त्यानं एकदा मागं वळून वाटेकडं बघितलं, पायानं मुरूम दाबून पाहिला, मग माझ्याजवळ आला. मी मनाची तयारी केली, आता हा काहीतरी बोलणार, आणि बोलायलाच पाहिजे, मी ऐकून घेईन.

"वाट चांगली झाली सर," तो म्हणाला. "पावसाळ्यात बी फसायची न्हाई." टोमणा नव्हता त्यात. तेवढा तरी असायला पाहिजे होता.

मी म्हणालो, "हो, मुरूम चांगला मिळाला."

तो हळदीच्या बेडात उतरला आणि कामाला लागला.